मन नावाचा पार्ट

आमच्या वडगावात कुणी रडताना दिसलं की बाबूअण्णा आधी त्याचं डोकं निरखायचा. एक डोळा मिटून, बंद पडलेल्या मागाकडं बघावं तसं. तो जॉबर. यंत्रमाग दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. त्याच्यापुढं मन हा शब्द काढायची सोय नव्हती.

"आक्का, एवढे माग खोलले, पण मन नावाचा पार्ट खडेबाजारात कुठल्या दुकानात मिळाला न्हाय. सगळं मेंदूचं मशीन. राग म्हंजे गरम झालं, याड म्हंजे पट्टा घसरला."

माझा नवरा गेला तेव्हा मला घास गिळेना. सगळे समजूत घालायला आले. हा येऊन म्हणाला, "डोस्क्यातलं रसायन कमी पडलंय. हुईल बरं." मी चपलीनं हाणणार होते. पण पुढं झालं बरं, ते नाही कसं म्हणू?

मग त्याची बायको शांता विसरायला लागली. आधी मीठ, मग गल्ली, मग नवरा. त्यानं कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडून तिला कोल्हापूरला नेलं. डॉक्टरनं मेंदूचा फोटो काढला, उजेडात धरून आठवणीची जागा सुकलेली दाखवली. बाबूअण्णानं एवढंच विचारलं, "ह्यात मी कुठं हुतो?"

डॉक्टरनं बोट ठेवलं. म्हणाला, "इथं. आता तिथं फारसं काही उरलेलं नाही."

दुसरा कुणी असता तर डॉक्टरशी भांडला असता. ह्याला पटलं. तेच वाईट झालं.

शांता त्याला घरात बघून ओरडायची, "कोण तुम्ही? माझा नवरा कामावर गेलाय. तो आल्यावर या." हा निमूट बाहेर जाऊन पायरीवर बसायचा. तिला आंघोळ घालायला मी जायची. परक्या पुरुषाचा हात तिला चालत नव्हता.

तरी जॉबरची खोड जाईना. "थंड मशीन आखडतं. आवाजात बसवू," म्हणाला आणि तिला कारखान्यात माझ्याशेजारी बसवलं. मी तिथं कांड्यांवर सूत भरते. माग चालू असले की कानाला तोंड लावून बोंबलल्याशिवाय काही ऐकू येत नाही. आम्ही बायका सगळ्या नवऱ्यांच्या चहाड्या तशाच सांगतो.

तिसऱ्या दिवशी शांतानं माझा कान धरला आणि सुरू झाली. नेमकी तेव्हाच लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले आणि तिचा आवाज तेवढा राहिला.

"...चाळीस वर्सं रांधून घाटलं, पण मेल्यानं एकदा जेवलीस काय म्हून विचारलं न्हाय!"

कारखाना हसला. बाबूअण्णा पाना हातात धरून उभाच. मला वाटलं, आता खाली मान घालून जाईल. तो माझ्याकडं आला. डोळे भरलेले, तोंड हसरं.

"आक्का, मी हाय की गं आत! शिव्या खात का हुईना, हाय!"

फोटोत नव्हतं ते कुठून आलं, मला विचारू नका. मी चौथी शिकलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यानं घराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारलं, "जेवलीस काय?"

शांतानं पदर ओढला. "परक्या बाईला असं काय इचारताय? लाज न्हाय?"

"चुकलं," म्हणाला आणि पायरीवर जाऊन बसला. रोज विचारतो. रोज बोलणी खातो.

मग मी तिचं ताट वाढते. ती जेवली की मी आतूनच ओरडते, "जेवली रं!" तेवढं ऐकून तो आपला डबा उघडतो.