इंगळे काकूंचं तळघर

आमच्या अकोल्यातल्या अकरा मजली इमारतीत इंगळे काकूंकडे कोणी पाहुणा आला, की काकू त्याला आधी घरात घेत नाहीत. थेट तळघरात नेतात. "चहा घेऊ ना मंग. पहिले आपलं पाणी पाहा."

तळघरात सगळ्या घरांचं आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी टाक्यांमध्ये स्वच्छ होतं आणि मोटरनं पुन्हा वर चढतं, संडासाच्या फ्लशला अन् बागेला. काकू ते देवस्थानासारखं दाखवतात. चपला काढायला लावत नाहीत, एवढंच. भाचीला पाहायला पातूरहून मंडळी आली, तीही आधी तळघरात गेली. वर पोहे गार झाले. मुलगी राहिली बाजूला, मुलाचे वडील गाळणीत रेती कोणती घातली तेच विचारत बसले. लग्न मात्र जमलं.

ही यंत्रणा बसवायची ठरली तेव्हा सोसायटीच्या सभेत मोठा वाद झाला होता. चौथ्या मजल्यावरचे वकीलसाहेब उठून म्हणाले, "दुसऱ्याच्या आंघोळीचं पाणी माह्या घरात नाही चालणार."

काकू बसल्या जागेवरूनच बोलल्या, "संडासात तं टाकाचं हाय, भाऊ. तिथं काय अभिषेक करून राहिले तुमी?"

वकीलसाहेबांनाही हसू आवरेना. ठराव पास झाला.

गेल्या उन्हाळ्यात नळ बरेच दिवस आले नाहीत. शेजारच्या इमारतींपुढे टँकर लागले. आमचं साठवलेलं पाणी फक्त पिण्याला, आंघोळीला आणि धुण्याला लागायचं, म्हणून ते पुरलं. दारात एकही टँकर उभा राहिला नाही. बागेत मोगरा फुलला होता. आता वकीलसाहेब कोर्टातल्या मित्रांना 'आमची सिस्टिम' दाखवायला आणतात. खरं सांगायचं तर मीही आणतो.

काकूंसाठी काहीतरी करावं, असं आम्हाला वाटलं. त्यांचं घर तळमजल्यावर, मोटरच्या अगदी डोक्यावर. पहाटेपासून नुसती घरघर. तेव्हा कमी आवाजाची नवी मोटर बसवायचं ठरलं, आणि मी अन् वकीलसाहेब ते सांगायला गेलो.

काकूंनी चहाचे कप आमच्यापुढे सरकवले. मग म्हणाल्या, "नका बदलू."

"काहून, काकू?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"तुमचे काका गेले तवापासून घरात कायचाच आवाज नाही. पहाटे मोटर सुरू झाली, पाइपातून पाणी धावलं का मले वाटते, हे आंघोळीले गेले."

वकीलसाहेब हळूच म्हणाले, "तशी मोटर चांगलीच हाय, काकू. चालू द्या."