गगनराव उडून राहिला

आबाजी ड्रॉइंग मास्तरांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, वजन विचारलं. अकोल्याच्या शाळेत मराठी शिकवायला मी पुण्याहून नुकताच आलो होतो, सामान अजून टांग्यातच होतं. "एक मण पंधरा शेर," मी गोंधळून सांगितलं. त्यांनी मला दंडाला धरून जरासं उचलून पाहिलं आणि म्हणाले, "जमते. दोर सहन करते."

त्यांची ही खोड साऱ्या गावाला ठाऊक होती. हेडमास्तरांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. ते अडीच मण भरले म्हणून सुटले.

आबांचं घराणं भातकुलीकडचं, भाजीमळ्याचं. भाऊ वांगी पिकवायचे आणि हे वांग्यांची चित्रं काढायचे, तेव्हा घरच्यांनी कंटाळून यांना मास्तर होऊ दिलं. शाळा सुटली की ते वहीत चौकटी आखून चित्रांची एक गोष्ट काढत. तिचा नायक गगनराव. धोतराचा काचा मारलेला, खांद्यावर शेला, आणि गडी चक्क उडायचा. चिखलात रुतलेली बैलगाडी बैलांसकट उचलायचा, पातूरच्या लेण्यांत लपलेल्या राक्षसाला शेंडीला धरून बाहेर काढायचा. एकदा तर उडत जाऊन त्यानं मूर्तिजापूरची छोटी आगगाडी गाठली. ती गाडी चालत जाऊनही गाठता येते, असं मी म्हणालो, तर आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी येण्याआधीच अमरावतीच्या एका छापखान्यानं या गोष्टीचं पुस्तक काढलं होतं आणि आबांच्या डोक्यात सिनेमा शिरला होता. तोही मुका. बोलपट येऊन इतकी वर्षं झाली, आता मुका सिनेमा कोण बघणार, असं जो तो विचारी. आबा म्हणत, "एकजण पायते. बस झालं."

तो एकजण म्हणजे काकू, आबांच्या पत्नी. तापात त्यांचे कान गेले होते. मुके सिनेमे होते तोवर दोघं हौसेनं जात. बोलपट आले आणि काकूंचा सिनेमा संपला. आपला आवाज किती मोठा होतो हे कळत नाही, म्हणून चारचौघांत त्यांनी बोलणंही सोडलं होतं. आबांच्या ओठांवरून तेवढं त्यांना सगळं कळायचं. माझ्या आईनं पुण्याहून पत्र लिहून मला सांभाळायला आबांना सांगितलं होतं, म्हणून माझं दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याच घरी होतं, आणि ताटात भाकरी वाढताना "घ्या" एवढंसुद्धा त्या डोळ्यांनीच म्हणायच्या. तिला एक तरी नवा सिनेमा दाखवायचाच, हा आबांचा हट्ट होता.

कॅमेरावाला मिळाला तो माझ्याच पुण्याचा, एका दिवसापुरता, एकाच रिळासह. कापसातली सरकी काढायच्या एका जिनाच्या मागच्या शेतात दोन कडुलिंबांच्या मधे दोर ताणला. कप्पीला मला, म्हणजे गगनरावाला, लटकवायचं आणि पलीकडून बैलजोडीनं ओढायचं, म्हणजे मी कपाशीवरून उडत जाणार. आबांनी कॅमेरावाल्याला सूचनांचा कागद लिहून दिला: 'गगनराव उडून राहिला.' मी भाषेचा मास्तर, कागद मला तपासायला दिला होता. वर्षभर काकूंची भाकरी खाल्लेली, वऱ्हाडात 'उडून राहिला' म्हणजे उडतो आहे. मला त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही.

पुणेकरानं मात्र तो पुण्यासारखा वाचला. उडून राहिला, म्हणजे उडाला आणि तिथेच राहिला. त्यानं मला वर चढवलं, दोर बुंध्याला करकचून बांधला आणि निवांत हँडल फिरवायला लागला.

आबा पलीकडच्या टोकाला बैलांपाशी. बैल ओढतात, मी हलत नाही. काखेत दोर रुतलेला, शेला तोंडावर आलेला. शेवटी आबा धावत आले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहून हातवारे करू लागले. पुणेकराला वाटलं, गगनरावाला पाहून चकित झालेले गावकरी ते हेच. जिनाच्या इंजिनाच्या धडधडीत मला अक्षर ऐकू येत नव्हतं. आबा माझ्याकडे बोट दाखवून भांडत होते एवढंच दिसलं. मी समजलो, फिलिम वाया चालली म्हणून जीव चाललाय यांचा. गाठ सुटेपर्यंत रीळ संपलं होतं.

मी पुरता रुसलो. जेवण खाणावळीत लावलं. आबांनी खुलासा केला नाही, आणि मी मागितला नाही.

रीळ मुंबईहून धुऊन आलं, तेव्हा मात्र काकूंनी स्वतः दारात येऊन मला हाताला धरून नेलं. रविवारची दुपार होती. खिडक्यांना घोंगड्या, भिंतीला धोतर, शेजारपाजारचे दहाबाराजण. मशीन सुरू झालं. धोतरावर मी लटकलेला, पाय झाडतोय. लोक पोट धरून हसले. आबा मान खाली घालून कोपऱ्यात बसले होते. मग पडद्यावर ते धावत आले, तोंड कॅमेऱ्याकडे.

आणि काकू बोलायला लागल्या. खणखणीत, सगळ्यांदेखत, पडद्यावरच्या नवऱ्याचे ओठ वाचत.

"'पयले त्याले उतरवा,' म्हणून राहिले. 'फिलिम गेली चुलीत. पोराच्या काखा सोलून राहिल्या.' आता म्हणून राहिले, 'त्याच्या मायनं माह्या भरवशावर धाडला त्याले. तिले मी काय सांगू?'"

हसणं थांबलं. ज्या माणसानं माझ्यासाठी आपलं एकुलतं रीळ जाऊ दिलं, त्याच्यावर मी महिनाभर फुगून बसलो होतो. आईनं मला इतक्या लांब पाठवलं ते योग्य माणसाच्या हाती पाठवलं, एवढं मला त्या दुपारी कळलं, आणि आजवर आबांचे उपकार मी विसरलेलो नाही.

मी सरकत आबांजवळ गेलो. "आबा, माझं चुकलं," म्हणालो.

त्यांनी आता मान वर केली होती. डोळे काकूंवर होते.

"चूप बसा मास्तर," ते हळूच म्हणाले. "ती बोलून राहिली."