काकांचा काटकोन

बसचं चाक आयुष्यभर फिरवून काका निवृत्त झाले, तेव्हा घरात एकच धास्ती होती. आता हे काय सुरू करणार? सुरू करण्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घोडं अडायचं ते संपवताना! पेटी शिकायला घेतली, ती 'सा रे ग म'पाशी दम खाऊन बसली. पोहायला गेले, तर तलावाच्या मध्यापर्यंत जायला शिकले आणि परत कसं यायचं त्या धड्याच्या आधीच क्लास सोडला. घरात त्यांना 'आरंभशूर' म्हणत, आणि तेही तोंडावर.

यंदा काकांनी संध्याकाळच्या धातुकामाच्या वर्गात नाव घातलं.

"वर्षअखेर मास्तर प्रत्येकाने बनवलेला व्हाइस तपासतात," जेवताना त्यांनी जाहीर केलं. "पास झाला तरच पुढच्या वर्षी लेथ मशीनवर घेतात. माझा असा काटकोनात बसेल, की मास्तर डोळे चोळत राहतील!"

"व्हाइस म्हणजे ते जबड्याचं?" काकूंनी विचारलं.

"तेच! वस्तू जबड्यात धरायची, दांडी फिरवायची. हलायची बिशाद नाही!"

लेकीने त्यांना काटकोन तपासायचा नवाकोरा गुण्या आणून दिला. जाड दांडा, त्यात बसवलेलं पोलादी पातं. "बाबा, एवढं एक तरी पूर्ण करा हं," ती म्हणाली. ती हसतच म्हणाली, पण काकांना ते चांगलंच लागलं. ते लपवायला त्यांनी गुण्याचंच कौतुक मांडलं. "अस्सल पोलाद आहे! यावर हत्ती नाचला तरी याला काही होणार नाही!"

काकूंनी ते नीट ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून घराचे हाल सुरू झाले. काका उठता-बसता गुण्या लावत. दार बघ, खिडकी बघ, पावाचा तुकडा बघ! पहिल्या आठवड्यात सरळ ठरलेलं कपाट पुढच्या महिन्यात वाकडं निघालं. "लाकूड फुगतं कधीकधी," काका म्हणाले. मग जेवणाच्या टेबलाचा एक पाय तिरपा दिसला, तो त्यांनी कापला. टेबल डुगडुगायला लागलं, म्हणून दुसरा कापला. करता करता टेबल इतकं खाली आलं, की जेवताना सगळ्यांचे गुडघे कानाशी येऊ लागले.

"अहो, आता थांबा!" काकू म्हणाल्या. "नाहीतर सरळ जमिनीवरच वाढते!"

वर्गात तर त्याहून मोठा गोंधळ होता. व्हाइससाठी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा ठोकळा मशीनवर घासून त्याच्या बाजू तळाशी काटकोनात आणायच्या, एवढंच काम. गुण्या टेकवायचा आणि दिव्यासमोर धरायचं. फटीतून उजेड दिसला की काम वाकडं. काका डावी बाजू घासत, गुण्या लावत, उजेड! मग ठोकळ्याखाली कागदाची पट्टी सारायची, थोडा कलवायचा, पुन्हा घासायचं. डावीकडचा उजेड गेला, की उजवीकडून डोकावायचा. काका चिडून उजवीकडे वळत. बाकीच्यांचे व्हाइस तयार होत चालले आणि काकांचा झिजत चालला. शेजारच्या मशीनवरची शिंपीणबाई एकदा वाकून बघून म्हणाली, "काका, व्हाइसच आहे ना हा? का नातीसाठी खेळणं?"

"लहान आहे, पण काटेकोर आहे!" काका गुरकावले.

आणि खरंच, शेवटी उजेड दोन्हीकडून गेला! काकांनी व्हाइस जोडला, पुसला, कापडात गुंडाळला आणि तपासणीच्या दिवशी छाती फुगवून मास्तरांपुढे ठेवला.

मास्तरांनी आपला गुण्या लावला आणि दिव्यासमोर धरला. फटीतून असा लख्ख उजेड आला, की शिंपीणबाईने डोळ्यांवर हात धरायचं नाटक केलं.

"काका, वाकडा आहे."

काकांना घर आठवलं. आता घरी काय सांगायचं? लेक काही बोलणार नाही, आणि ती काही बोलणार नाही हेच त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. "राहू द्या मास्तर," ते पुटपुटले. "नाव कमी करा माझं."

पण मास्तर व्हाइस उलटसुलट करून बघतच होते. "अहो, थांबा! दोन्ही बाजू आत झुकल्यात, पण अगदी सारख्या! असं चुकायलासुद्धा हात बसलेला लागतो. तुमचा गुण्या बघू जरा."

त्यांनी काकांचा गुण्या टेबलाच्या कडेला टेकवून कागदावर रेघ मारली. मग तो पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी मारली. गुण्या खरा असता, तर रेघेवर रेघ बसली असती. इथे दोन रेघांच्या मध्ये चांगली चिंचोळी गल्ली तयार झाली! पातं दांड्यात ढिलं झालं होतं, आणि दांड्यावर बारीक बारीक पोचे होते.

"याने काही ठोकत होतात का?"

"मी? छे!" काकांनी तिथल्या तिथे स्पीकरवर घरी फोन लावला. "अगं, माझ्या गुण्याला कोणी हात लावला?"

"मी लावते की रोज," काकू म्हणाल्या. "अक्रोड फोडायला. तुम्हीच नाही का म्हणालात, हत्ती नाचला तरी काही होणार नाही?"

काकांनी हळूच फोन ठेवला. वर्ग मात्र हसून हसून मशीनला टेकला होता.

"एकेक हात घासण्यापुरतं बीड उरलंय," मास्तर म्हणाले. "उद्या माझ्या गुण्याने तपासून घासा. पण दुसरी संधी नाही. जास्त घासलंत तर व्हाइस नाही, बटण उरेल."

दुसऱ्या दिवशी काकांनी कागदाची पट्टी घेतली नाही, बढाई मारली नाही, श्वासदेखील जपूनच घेतला. डावी बाजू घासली, मग उजवी. मास्तरांनी गुण्या लावून दिव्यासमोर धरलं. अंधार! दोन्हीकडे गच्च, सुंदर अंधार!

"पुढच्या वर्षी लेथवर या," मास्तर म्हणाले, आणि काकांना एकदम चष्मा पुसावा लागला.

घरी त्यांनी तो चिमुकला व्हाइस बुटक्या टेबलाच्या मधोमध ठेवला. लेकीने दांडी फिरवून पाहिली, जबडे अलगद येऊन भिडले. "बाबा, पूर्ण केलंत की हो!" ती म्हणाली आणि तिने त्यांना मिठीच मारली. काकांना पुढचं काही दिसेना, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

तेवढ्यात टेबलाकडून 'कट्' असा आवाज आला.

"काय छान धरतो हो!" काकू कौतुकाने म्हणाल्या आणि जबड्यातल्या टरफलातून अक्रोडाचा अख्खा गर काढून त्यांनी काकांच्या हातावर ठेवला. "आता तुमच्या गुण्याला मी हातसुद्धा लावणार नाही!"