नथूभाऊंनी अन्न सोडलं

नथूभाऊंनी शंभर वर्षं जगायचं ठरवलं होतं, आणि गेल्या महिन्यात विरारच्या फ्लॅटमध्ये अर्ध्या भाकरीपासून त्याची सुरुवातही केली होती. कमी खाणारे उंदीर जास्त जगतात, त्यांना म्हातारपण उशिरा येतं, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. वडील साठाव्या वर्षी गेले होते आणि यांना एकोणसाठावं लागलं होतं. घाबरायला तेवढं पुरे! दुपारी वाटीभर आमटी, रात्री नुसतं ताक. बायकोने, हेमांगीने, भात पुढे केला की ते तिला कॅलरींचा आकडा ऐकवायचे.

शेवटी वैतागून तिने गिरीज गावी रंभाआत्याला फोन लावला. "आत्या, यांनी अन्न सोडलंय."

तिला सांगायचं होतं डाएटबद्दल. पण आत्याच्या लेखी अन्न सोडलेला माणूस चार दिवसांचा सोबती. झालं! दुपारपर्यंत निम्मी भावकी टेम्पोत बसून आली. सोबत केळ्यांचा घड आणि पुतण्या काळूरामच्या खिशात गंगाजलाची बाटली. लिफ्ट बंद होती. बाकीचे जिन्यात धापा टाकत बसले. शहाऐंशी वर्षांची आत्या डोक्यावर पातेलं घेऊन चौथ्या मजल्यावर पहिली पोचली. जाणाऱ्याचा जीव खाण्यात अडकू नये म्हणून तिने नथूभाऊंच्या आवडीचं बोंबलाचं कालवण केलं होतं.

त्यांचे बसलेले गाल पाहून तिने गळाच काढला. आपण ठणठणीत आहोत, असं नथूभाऊंनी परोपरीने सांगितलं. पण जाणारा माणूस असंच म्हणतो, असं भावकीचं मत पडलं आणि काळूरामने बाटलीचं बूच काढलं.

"नथ्या, जीव अडकवू नको. खा दोन घास," आत्या म्हणाली.

जिवंत असल्याचा दुसरा पुरावा नथूभाऊंकडे नव्हता. त्यांनी भाकरी मोडली. पहिल्याच घासाला त्यांचे डोळे भरून आले, आणि ते तिखटामुळे नव्हे. महिनाभरात इतका आनंद त्यांना झाला नव्हता. तिसऱ्या भाकरीला काळूरामने मुकाट्याने बूच परत लावलं.

शेजारी आत्याही जेवायला बसली होती. ती चौथीवर होती. ही आपल्या वडिलांचीच सख्खी बहीण, हे नथूभाऊंच्या आत्ता कुठे ध्यानात आलं.

"आत्या, तू रोज किती भाकऱ्या खातेस?"

आत्याने बोटं चाटली आणि पाचवी ओढली.

"कोन मोजतं?"