कॉम्प्युटर घाटात जातो

दामिनीने सॉफ्टवेअर उघडले की पडद्यावर एकच ओळ येत होती: ‘नेटवर्क उपलब्ध नाही. कृपया वायर तपासा.’ धडगावकडच्या त्या दरीत या वाक्यावर शंका घेणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. नेटवर्क नसणे ही तिथली नेहमीची तब्येत. असले, तरच लोक एकमेकांना बोलावून दाखवत. तेव्हा दामिनीने वायर तपासली. काढून, फुंकून, पदराने पुसून परत लावली. सोमवारचा उपवास होता. मनात ‘ॐ नमः शिवाय’ म्हणून कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. ओळ जागच्या जागी.

हंगामी वसतिगृहाच्या प्रवेशाचा तो शेवटचा दिवस. दामिनीच्या टेबलासमोर भुरीबाई नातीला, सोनमला घेऊन उभी होती. बाहेर भटूच्या जीपमध्ये सगळी ऊसतोड टोळी दाटीवाटीने बसलेली. सोनमचे नाव सॉफ्टवेअरमध्ये चढले, तर ती इथे राहून पाचवी शिकणार. नाही चढले, तर तीच जीपमध्ये चढणार आणि गुजरातेत उसाच्या फडावर धाकट्या भावाला सांभाळणार.

“सर, पोरगी राहू द्या. नाव उद्या टाकू,” दामिनी अधीक्षकांना म्हणाली.

“असं कसं, मॅडम?” धर्मेंद्र सरांनी मोबाइलवरच्या मॅचमधून डोके वर काढले. “नाव नसलेली मुलगी जेवली, तर ते जेवण कोण जेवलं, असं वरून विचारतात.”

“सांगायचं, मुलगी जेवली.”

“कोणती मुलगी? ती तर नाहीच.”

भुरीबाईने सोनमच्या खांद्याला हात लावून पाहिला. होती.

तेवढ्यात भटू आत आला. तो शहाद्याचा, दामिनी लोणखेड्याची. दोघांचे बोलणे अहिराणीतच चाले. “ताई, कितला येळ? तठे मुकादम वाट दखी ऱ्हायना.”

“थांब ना भाऊ, आते व्हई जाई,” असे म्हणून दामिनी सरांकडे वळली. “सर, तुमच्या मोबाइलवर तर ऑफिसचंच नेट चालतंय.”

“ते हलकं नेट. त्याच्यावर मॅच दिसते,” सर म्हणाले. “सरकारी सॉफ्टवेअर जड असतं. त्याला उंची लागते.”

साहेब बोलले म्हणजे त्यात शास्त्र असणारच. उंचीची जागा सगळ्यांना ठाऊक होती: घाटातले मोठे वळण. तिथे रेंज येते म्हणून प्रत्येक गाडी थांबतेच.

“मी बी तठेच थांबस,” भटू म्हणाला. “टाका कॉम्प्युटर गाडीमा.”

मॉनिटर गोधडीत गुंडाळून भुरीबाईच्या मांडीवर गेला, कॉम्प्युटरचा डबा ज्वारीच्या पोत्यावर बसला, कीबोर्ड सोनमने छातीशी धरला, तिच्या शेजारी दामिनी. सर पुढच्या सीटवर, मांडीवर यूपीएस. जीप घाट चढू लागली.

वळण आले तसे सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजू लागले. कोणी सुरतेला बोलतोय, कोणी मुकादमाच्या शिव्या ऐकतोय. यूपीएसच्या जिवावर कॉम्प्युटर सुरू केला, भटूच्या मोबाइलला वायर जोडली. पडद्यावर ओळ आली: ‘नेटवर्क उपलब्ध नाही. कृपया वायर तपासा.’

“टॉवर समोर उभा शे, तरी हाई नहीच म्हणस,” भटू म्हणाला.

यूपीएस टुकटुकू लागला. ओळीच्या शेवटी एक बारीक प्रश्नचिन्ह होते. सॉफ्टवेअरलाच काही शंका असेल, असे समजून दामिनीने त्याला कधी हात लावला नव्हता. आता लावला. खाली खरे कारण उघडले: ‘या खात्याला नेटवर्क वापरण्याची परवानगी नाकारली आहे. आपल्या प्रशासकाशी संपर्क साधावा.’

सॉफ्टवेअर कचेरीत चांगलेच मुरलेले होते. साहेबांचे नाव न घेता त्याने सगळा दोष वायरवर ढकलला होता.

“प्रशासक कोण, सर?”

“असतील वरचे कोणी.”

त्याखाली गोल फोटो होता. गॉगल लावलेला, मागे तोरणमाळचा तलाव. भुरीबाईने वाकून पाहिले. “हे तर आपल्याच गाडीत बसलेत.”

सरांना गेला आठवडा आठवला. दामिनी सकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्तोत्र लावते, हा खासगी वापर झाला, म्हणून त्यांनी तिला वेगळे खाते काढून दिले होते. ‘नेटवर्कची परवानगी द्यायची का?’ असा प्रश्न आला, तेव्हा ठसक्यात ‘नाही’ दाबले होते.

“मी स्तोत्रं बंद केली होती. सॉफ्टवेअर नाही,” सर हळूच म्हणाले.

“त्याला दोन्ही सारखंच दिसलं असेल,” दामिनी त्याहून हळू म्हणाली.

सरांनी एका हाताने झाकून दुसऱ्या हाताने पासवर्ड टाकला. ‘परवानगी कधीपर्यंत? फक्त आज / कायम.’ त्यांचे बोट सवयीने ‘फक्त आज’वर गेले.

सोनमने ते मोठ्याने वाचले आणि दामिनीला विचारले, “रोजची हजेरीपण यातच लावतात ना, बाई?”

“यातच.”

“आणि नाही लागली तर?”

“तीन दिवसांत नाव निघतं.”

भुरीबाईने मांडीवरचा मॉनिटर शेजारी ठेवला. जीपमधून उतरली आणि रस्त्याच्या मधोमध बसली. मागोमाग टोळीतल्या बायका उतरून तिच्या शेजारी बसल्या. भटूने किल्ली काढून खिशात टाकली. मागे केळीचा ट्रक हॉर्न देऊ लागला.

सरांनी ‘कायम’ दाबले. दामिनीने घाईघाईने सोनमचे नाव भरले, ‘नोंद झाली’ ही अक्षरे उमटली, आणि यूपीएसने लांब सूर काढून मान टाकली.

त्या संध्याकाळी सरांनी वर कळवले: ‘वसतिगृहात नेटवर्क नसल्याने घाटातील वळणावरून नोंदणी यशस्वी केली.’ परवानगीचा विषय त्यांनी नम्रपणे गाळला. आठवड्याने कौतुकाचे उत्तर आले आणि त्यातच आदेश: यापुढे अधीक्षकांनी रोजची हजेरी त्याच वळणावरून लावावी आणि कॉम्प्युटरसह स्वतःचा फोटो पाठवावा.

तेव्हापासून सर रोज सकाळी स्टोअरमधला बिघडलेला मॉनिटर मांडीवर घेऊन मिळेल त्या जीपने वळणावर जातात. इकडे ऑफिसात दामिनी मंद आवाजात स्तोत्र लावते आणि हजेरी भरते. मग वरून फोन येतो.

“झाली का, मॅडम?”

“झाली, सर. सोनम हजर.”

“मग मी उतरू?”

“फोटो काढला का, सर?”