दोन जगांचा एक सेनापती

अंबरनाथच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या गणेशोत्सवासाठी श्रीपादराव टिल्लूंनी अठ्ठ्याऐंशी साली अंतराळयुद्धावर एकांकिका लिहिली. कारखान्यात ते नकाशे काढणाऱ्या विभागाचे अधिकारी, त्यामुळे कल्पनाही आखीव होती. सेनापती एकच, पण जगं दोन. पहिल्या जगात त्याच्या फौजेने महायुद्ध जिंकलेलं, म्हणून तो माजलेला, शत्रू दिसला की "जाळून टाका!" दुसऱ्या जगात तेच युद्ध हरलेलं, म्हणून तो शंभरदा विचार करणारा. इतिहास बदलला की सैनिक बदलतो, हे श्रीपादरावांना सिद्ध करायचं होतं.

सेनापतीच्या कामाला बदलापूर गावातले दौलतराव मिळाले. फौजेतून निवृत्त सुभेदार, आता भातशेती. आवाज न ओरडता शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

दोन्ही जगांतले प्रवेश आलटून-पालटून होते आणि त्यांची सुरुवातही सारखीच. म्हणून पहिल्या जगाला लाल डगला आणि दुसऱ्याला निळा, असं ठरलं. प्रयोगाच्या दिवशी उल्हासनगरच्या सिंधी शिंप्याने दोन्ही डगले लालच आणले.

"साईं, कापडाच्या एकाच थानात दोन निघाले. सस्त्यात बसवलं तुमचं काम," तो शाबासकीची वाट बघत म्हणाला.

"मग दुसऱ्या जगात टोपी नका घालू," श्रीपादरावांच्या पत्नी वृंदावहिनींनी तोडगा काढला.

दौलतराव ताडकन उठले. "टोपीबिगर सलाम नाय मारत आमी. नाटक असलं म्हनून काय झालं?"

शेवटी ठरलं, श्रीपादरावांनी विंगेतून खूण करायची. एक बोट म्हणजे पहिलं जग, दोन बोटं म्हणजे दुसरं.

‘एक सेनापती, दोन जगं, एक जिंकलेलं, एक हरलेलं’ अशी घोषणा झाली आणि पडदा उघडला. लेफ्टनंट झालेला चंदू धावत आला. "सेनापती, शत्रू टप्प्यात आलाय! जाळून टाकू?"

दौलतरावांनी विंगेकडे पाहिलं. श्रीपादरावांनी एक बोट वर केलं. ऐनवेळी खूण विसरलेल्या दौलतरावांना वाटलं, एक मिनिट थांबायचंय. ते थांबले. मंडपात चिडीचूप. श्रीपादरावांनी घाबरून तेच बोट जोरजोरात हलवलं. म्हणजे नाही म्हणतायत तर!

"नको," दौलतरावांनी हुकूम दिला.

चंदूच्या पाठांतरात हे नव्हतं. "नको? मग काय करू, साहेब?"

"आपली पोरं किती हायत?"

"ती... तीनशे."

"सकाळधरनं कोनी खाल्लंय काय?"

"माहीत नाही, साहेब."

"तुला ठावं नाय, नि तू लढाईला निघालास? आधी पोरांना जेवन दे. मंग निघू. पुढं मी, तू माझ्या मागं. नि त्यांच्यातला कोनी हात वर केला, तर त्याला पानी पाजायचं. समजलं?"

"हो, साहेब," चंदू म्हणाला, आणि खरोखरच सलाम ठोकून जेवणाच्या बंदोबस्ताला गेला.

श्रीपादराव विंगेतून कधी एक, कधी दोन बोटं दाखवत राहिले. पण पुढची वीस मिनिटं दोन्ही जगांत सेनापती तोच राहिला. पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबेनात.

एकांकिका स्पर्धेच्या परीक्षक सुहासिनीबाई कॉलेजात मराठी शिकवायच्या. त्या माईकवर आल्या. "जग कुठलंही असो, इतिहास कसाही वळो, सेनापती बदलत नाही! काय विचार मांडलाय लेखकाने!" पहिलं बक्षीस श्रीपादरावांना मिळालं, त्यांनी लिहिलं होतं त्याच्या नेमक्या उलट गोष्टीबद्दल.

पडद्यामागे दौलतराव ओशाळून उभे होते. "माफी करा, साहेब. वाक्यं पार गेली. तोंडात आलं ते बोललो."

"पण ते आलं कुठून?"

"आमचे एक साहेब होते, ते असंच इचारायचे. बासष्टला हरताना पन, एकाहत्तरला जिंकताना पन. आमाला काय फरक नाय दिसला."

 श्रीपादरावांनी कागदावर आखलेल्या दोन्ही जगांत हा माणूस राहून आला होता, आणि घरी येऊन मुकाट्याने भात लावत होता. त्यांनी हातातली बक्षिसाची ढाल दौलतरावांच्या हातात दिली.

एवढ्यात सुहासिनीबाई आल्या. "एकांकिकेची वही द्या हो. शांतपणे वाचायचीय मला."

पुढच्या रविवारी श्रीपादराव कोरी वही घेऊन बदलापूर गावात, दौलतरावांच्या ओटीवर मांडी घालून बसले.

"त्या दिवशी स्टेजवर बोललात ते सगळं हळू सांगा हं," ते म्हणाले, "एकही शब्द सुटायला नको."

दौलतराव सांगत गेले. पान भरल्यावर त्यांनी वाकून वहीत पाहिलं.

"अक्षर चांगलंय तुमचं," ते म्हणाले. "लिहीत जावा."