नसलेल्या मुलाखतीचे सर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले बिराजदार सर डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांकडून मुलाखतीची तयारी करून घेतात. यात विचित्र काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. मग माझ्या भाचीनं फोनवर सांगितलं, आणि ती स्वतः डॉक्टर आहे, की आपल्याकडे डॉक्टरकीच्या प्रवेशाला मुलाखत नसतेच. लेखी परीक्षा होते, गुण येतात, गुणांवर कॉलेज मिळतं. संपलं.

मी गोंधळले. जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं माहीत नसेल? दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून मी सरळ विचारलं, "सर, मुलाखत नसते म्हणे."

"नसते री," सर म्हणाले. "म्हणून तर घ्यावी लागते."

आणि पिशवी सावरत वर निघून गेले. मी आणखी गोंधळले.

हे 'री' म्हणजे त्यांचं कानडी. सर मूळचे अक्कलकोटकडचे. मराठी अगदी शुद्ध बोलतात, पण आदर दाखवायचा झाला की वाक्याला 'री' लागतो. मुलांना लागत नाही. मला लागतो.

दिवसभर ते घरीच, इतर क्लासवाल्यांसारखंच शिकवतात. फळ्यावर हृदयाची आकृती, तिला बाण, बाणांना नावं. मुलं सांगतात की सरांसारखं कुणी समजावत नाही. पाच वाजले की मात्र सर म्हणतात, "पुस्तकं मिटा." मग हातातलं घड्याळ काढून कपाटात ठेवतात, दोन खुर्च्या समोरासमोर मांडतात आणि स्वतः स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन कोपऱ्यात बसतात. एका खुर्चीवर मुलगा किंवा मुलगी. ते डॉक्टर. दुसऱ्या खुर्चीवर पेशंट. ती मी.

मी पेशंट झाले ती पाण्यामुळं. त्या दिवशी आमच्याकडं नळ आला नव्हता, म्हणून सरांकडं आलाय का ते विचारायला गेले.

"बरं झालं आलात ताई. बसा. तुमच्या पोटात दुखतंय."

"नाही हो, बरी आहे मी."

"दुखतंय री. उजवीकडं, बरगडीखाली. तेलकट खाल्लं की जास्त."

समोर एक मुलगी माझ्याकडं आशेनं बघत होती. मी बसले. आणि का कोण जाणे, पोटावर डावा हात डावीकडंच ठेवला. मुलगी बिचारी डावीकडचे आजार आठवत राहिली. शेवटी सर म्हणाले, "ताई, तुमचं पित्ताशय सरकलंय."

तेव्हापासून मला दर आठवड्याला काही ना काही होतं. मूतखडा झाला, दमा झाला, एकदा तर मलेरियाही झाला आणि मी उगीचच चांगली थरथरले. दार उघडं असायचं, त्यामुळं बिल्डिंगभर बातमी. वॉचमनची बायको भाजी निवडता निवडता विचारायची, "बाई, किडनीचं काय झालं मग?" भाजीवाला मला मेथी द्यायला कचरू लागला. मी सगळ्यांना समजावायचे की ते सरांच्या मुलाखतीसाठी असतं. मग ते विचारायचे, कसली मुलाखत? तिथं माझंही अडायचं.

पेल्याचा नियम एकच. डॉक्टरची नजर पेशंटवरून हलली, कागदाकडं गेली, छताकडं गेली, की सर पेला वाजवायचे. टण्. काही मुलांच्या मुलाखती म्हणजे नुसता भांड्यांचा बाजार. एक फार हुशार मुलगा होता, त्यानं दोन प्रश्नांत माझा थायरॉइड पकडला. तोंड सरांकडं करून अख्खं उत्तर सांगितलं. सर पेला वाजवत राहिले आणि तो सांगत राहिला.

"बरोबर आलं ना, सर?"

"रोग बरोबर आला. आता मागं बघ. पेशंट आहे का गेला?"

मी होते. पण क्षणभर मलाच वाटलं, आपण उठून गेलो असतो तर यानं ओळखलं नसतं.

या मुलांत रेणुका होती. मोडनिंबकडची, बारीक चणीची. वडील मेंढ्या राखणारे. परीक्षेची तिची दुसरी वेळ. यंदा नाही जमलं तर लग्न, असं घरात ठरलेलं. मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, मेसचा डबा खायची. अभ्यासात मधली. पण तिच्या मुलाखतीत पेला वाजल्याचं मला आठवत नाही. ती समोर बसली की मला आपण खरंच आजारी आहोत असं वाटायचं, आणि बरंही वाटायचं.

एके दिवशी तिचे वडील आले. पटका, खांद्यावर घोंगडं, उन्हानं काळवंडलेला चेहरा. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मुलाखत असली काही भानगडच नसते. मी तेव्हा दम्याच्या खुर्चीवर होते.

"सर, ही मुलाखत कुटं असती?" ते शांतपणे म्हणाले. "कंच्या गावाला? पोरगी रोज तास-तासभर हितं बसती. तेवड्यात चार धडं झालं असतं की."

"कुठंच नसते," सर म्हणाले.

"मंग?"

"तुम्ही दवाखान्यात गेलाय का कधी?"

"गेलोय की. कंबर धरली हुती."

"डॉक्टरनं कुठं बघितलं?"

ते बराच वेळ आठवत राहिले. "फोटूकडं बघितलं. यक्सरेच्या."

"तुमच्याकडं?"

"न्हाय. म्हाज्याकडं कशापायी बघंल?" एवढं बोलून ते वळले. रेणुकाकडं बघितलं. सरांकडं बघितलं. मग खाली सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "चालू द्या." त्यांचं समाधान झालं की नाही, कळलं नाही. पण तिला घेऊन गेले नाहीत.

परीक्षा जवळ आली. ऊन असं की जिन्याच्या कठड्याला हात लावता येईना. त्या दिवशी मला होटगीला नणंदेकडं बारशाला जायचं होतं. मी सरांना सांगून गेले की आज पेशंट मिळणार नाही. पण बारसं लवकर उरकलं, मी परतले, जिना चढून आले तर सरांचं दार नेहमीसारखं उघडं. बाकीची मुलं गेली होती. एक रेणुका राहिली होती, आणि तिच्यासमोर पेशंटच्या खुर्चीवर सर स्वतः बसले होते. सरांची पाठ माझ्याकडं होती. मी दाराशीच थबकले.

"काय होतंय?" रेणुकानं विचारलं.

"जेवण जात नाही."

"कदीपासनं?"

"बरेच दिवस झाले. सकाळचं जातं. रात्रीचं नाही."

"मळमळतंय? पोटात जळजळतंय?"

"तसलं काही नाही. ताट वाढून घेतो, समोर बसतो, आणि हात पुढं होत नाही."

हा कुठला आजार, मला ओळखता येईना. रेणुकालाही ओळखता आला नसावा. ती म्हणाली, "घरात कोण कोण हाय?"

"मीच."

"आदी?"

"आधी मंडळी होती. जेवताना ती रोज विचारायची, मीठ बरोबर आहे का. मी वाचत वाचत हूं म्हणायचो. शेवटी शेवटी तिला स्वतःला चव कळत नव्हती, तरी उठून करायची आणि विचारायची. मी हूंच म्हणायचो. पुस्तकातून मान वर काढायची मला सवय नव्हती."

माझ्या हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी होती, ती मी घट्ट धरून उभी होते. सर शेजारी राहतात त्याला इतकी वर्षं झाली, आणि त्यांच्या तोंडून बायकोबद्दल मी पहिल्यांदाच काही ऐकत होते.

"सर," रेणुका हळू आवाजात म्हणाली, "हे खरं हाय का पेशंटचं हाय?"

"डॉक्टरनं असं विचारायचं नसतं."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "रात्री किती वाजता बसता जेवायला?"

"आठला."

"उद्या आठला बघते."

मी आवाज न करता आमच्या घरात शिरले. सरांनी ते पाठ करून आणलं होतं की त्यांच्या तोंडून निसटलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. पुढं रेणुकाला सरकारी कॉलेज मिळालं, लांबच्या गावी. तिच्या वडिलांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, वॉचमनच्या बायकोला दोन जास्त दिले.

पण ते नंतरचं. बारशाहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आठला मी शेंगाचटणीची वाटी घेऊन समोर गेले. निमित्त काय सांगायचं, ते त्यांच्या दारापर्यंत ठरलं नव्हतं. आत रेणुकाचा मेसचा डबा उघडलेला, सरांचं ताट वाढलेलं, आणि दोघं समोरासमोर बसून भाकरी मोडत होते. सर खाली बघून नाही, समोर बघून जेवत होते.

मी वाटी ठेवून वळले.

"बसा री, ताई," सर म्हणाले आणि बाजूला सरकले. "आज तुम्हाला काहीही झालेलं नाही."